बारावीनंतर गोमेकॉ: परीक्षा मे महिन्यात, कागद मात्र दिवाळीपासून

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या गोमेकॉत, प्रवेश नीट या देशपातळीवरच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतो हे आता घराघरांत ठाऊक आहे. तरी दर पावसाळ्यात पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयापासून मामलेदार कचेरीपर्यंत पालकांची जी धावपळ दिसते, ती गुणांसाठी नसते. दाखल्यासाठी असते. गुण हातात असताना कागदापायी प्रवेशाची फेरी हुकलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून या लेखात कागदांना जास्त जागा दिली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०३० पर्यंत जगाला सुमारे १ कोटी १० लाख आरोग्य कर्मचारी कमी पडतील, आणि ही तूट मुख्यतः गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत असेल. जागतिक बँकेच्या यादीत भारत याच दुसऱ्या गटात आहे. डॉक्टर घडवून बाहेर पाठवणं गोव्याला नवं नाही. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेत शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पार मोझांबिक-अंगोलापर्यंत नोकरीला जात. तीच शाळा १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली. पण इतिहासावर जागा मिळत नाही, तेव्हा अर्जाकडे वळू.

दोन अर्ज, एक नव्हे

पहिला अर्ज नीटचा, राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे. तो साधारण फेब्रुवारीत सुटतो. २०२५ साली ७ फेब्रुवारी ते ७ मार्च अशी मुदत होती आणि परीक्षा ४ मे रोजी झाली. शुल्क त्या वर्षी सर्वसाधारण गटाला १,७०० रुपये, ओबीसी व आर्थिक दुर्बलांना १,६००, एससी, एसटी व दिव्यांगांना १,००० होतं. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत, वरची वयोमर्यादा नाही. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हवं. एमबीबीएससाठी विज्ञानाच्या तिन्ही विषयांत मिळून सर्वसाधारण गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० आणि सर्वसाधारण गटातील दिव्यांगांना ४५.

फोटोंचं आधीच पाहा. पासपोर्ट आकाराचा आणि पोस्टकार्ड आकाराचा असे दोन, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, कान दिसतील असे. शिवाय सही आणि दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे. हे सगळं स्कॅन करून चढवायचं असतं, आणि शेवटच्या रात्री संकेतस्थळ रांगतं.

भाषेचा प्रश्न मराठी घरांतून नेहमी येतो. नीट १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे, कोकणी नाही. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. पणजी किंवा मडगाव केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठीत शिकलेली मुलंही पाचवीपासून इंग्रजीत जातात, त्यामुळे व्यवहारात फारसं अडत नाही. तरी अर्ज भरताना हा रकाना भावनेच्या भरात भरू नये.

दुसरा अर्ज राज्याचा, तंत्रशिक्षण संचालनालयाकडे. नीट दिली म्हणजे गोमेकॉला अर्ज झाला, हा समज अजूनही आहे आणि तो महागात पडतो. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी संचालनालयाचा अर्ज वेगळा भरावाच लागतो. त्याची माहितीपुस्तिका, सगळे जिला प्रॉस्पेक्टस म्हणतात, ती दरवर्षी नवी निघते. दाखल्यांचे नमुने तिच्यात मागच्या पानांवर असतात. मी तर म्हणेन, पालकांनी पुस्तिका मागून पुढे वाचावी.

रहिवासी दाखला

इथेच सगळ्यांत जास्त माणसं अडकतात. राज्याच्या जागांसाठी ठरावीक वर्षांचा सलग गोव्यातला रहिवास आणि गोव्यातलं शिक्षण पाहिलं जातं. कोणत्या अभ्यासक्रमाला किती वर्षं आणि कोणत्या तारखेपर्यंत मोजायची, ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. सरकारी नोकरीसाठी मागतात तो १५ वर्षांचा दाखला घरात असला की पालक निर्धास्त होतात. पण प्रवेशासाठी पुस्तिकेतला नमुना आणि त्यातली वाक्यरचना पाहिली जाते. जुना दाखला पुढे करण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

दाखला तालुक्याच्या मामलेदाराकडून मिळतो. अर्ज राज्याच्या गोवा ऑनलाइन संकेतस्थळावर करता येतो, पण चौकशी तलाठ्यामार्फतच होते आणि तिला वेळ लागतो. सोबत जन्मदाखला, शाळांची वर्षागणिक बोनाफाइड प्रमाणपत्रं, पालकांचं मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, विजेचं बिल असं लावावं लागतं. भाड्याच्या घरांतून फिरलेल्या कुटुंबाला हे जुळवताना नाकी नऊ येतात. मूल वास्कोत तीन वर्षं, फोंड्यात पाच, मग म्हापशात, असं असेल तर प्रत्येक शाळेतून कागद काढावा लागतो. शाळांना मे महिन्याची सुट्टी असते आणि कारकून गावी गेलेला असतो. म्हणून हे काम बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच उरकावं. नोकरीत बदली होऊन आलेल्यांसाठी पुस्तिकेत वेगळी तरतूद असते, ती वाचून मगच निराश व्हा.

दोडामार्ग, बांदा, सातार्डा भागातली मुलं पेडण्या-डिचोलीच्या हायर सेकंडरीत येतात. शाळा चांगली, बसची सोय, सगळं खरं. पण घर महाराष्ट्रात असल्यानं गोव्याचा रहिवास भरत नाही, आणि महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी व बारावी तिथूनच उत्तीर्ण असावी लागते. म्हणजे सिंधुदुर्गाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय घराजवळ असूनही हातचं जातं. मुलाला डॉक्टर व्हायचं असेल तर अकरावीला कुठे घालायचं हा निर्णय दहावीच्या निकालादिवशीच घ्यावा लागतो.

नाव एक, स्पेलिंग तीन

पोर्तुगीज वळणाची आडनावं गोव्याबाहेरच्या अधिकाऱ्याला समजावून सांगणं कठीण. आमच्या शेजारच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर नाईक 'क्यू-यू-ई'नं संपलेला, दहावीच्या प्रमाणपत्रावर 'के'नं, आणि आधारवर वडिलांचं नाव मधून गायब. शिरोडकर कुठे 'एक्स'नं सुरू होतो, कुठे 'एस-एच'नं. गावांचंही तेच, पैंगीण आणि सांखळीची स्पेलिंगं उच्चाराशी फटकून असतात.

नीटच्या अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहायचं, हा पाया धरा. मग आधार त्याच्याशी जुळवून घ्या. जन्मदाखल्यातला फरक किरकोळ असेल तर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. नावच बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा नाव व आडनाव बदल कायदा आहे आणि काम निबंधकाच्या कार्यालयातून होतं. तेही आठवड्याभरात होईल अशा भरवशावर राहू नका.

राखीव गट

गावडा, कुणबी व वेळीप समाजांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. दाखला उपजिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो आणि बहुतेक घरांत तो असतोच. गोंधळ ओबीसींचा होतो. नीटच्या अर्जात आणि केंद्रीय जागांसाठी केंद्राची ओबीसी यादी चालते, राज्याच्या जागांसाठी राज्याची. एखादी जात एकीत असून दुसरीत नसू शकते. तेव्हा दोन अर्जांत दोन वेगळे गट येणं चूक नाही. नॉन क्रिमीलेयर दाखला मात्र ताजा लागतो, थोरल्या भावाच्या वेळचा चालत नाही. आर्थिक दुर्बल गटासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांखाली हवं.

दिव्यांग उमेदवारांनी घरच्या डॉक्टरचं पत्र आणून उपयोग नाही. नेमून दिलेल्या तपासणी केंद्राचंच प्रमाणपत्र लागतं. अशा मोजक्या केंद्रांत गोमेकॉचं नाव आहे, त्यामुळे मुंबई गाठावी लागत नाही.

एमबीबीएस नाही मिळालं तर

एमबीबीएससाठी राज्यात सरकारी महाविद्यालय एकच. बांबोळीचं दंत महाविद्यालय, शिरोड्याची आयुर्वेद आणि होमिओपॅथी महाविद्यालयं, या सगळ्यांनाही नीटच लागते. संचालनालयाचा अर्ज भरताना हे पर्याय नाकारून 'फक्त एमबीबीएस' लिहिण्याचा बाणेदारपणा पुढच्या फेरीत नडतो. धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेसाठी आयुषच्या केंद्रीय समुपदेशनावरही, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्यांवरही, लक्ष ठेवावं.

नर्सिंगकडे आपण कमी लेखून पाहतो, हे माझं जुनं दुखणं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, बारावी विज्ञान व इंग्रजीसह ४५ टक्के, वय १७. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला तर कला शाखेची मुलंही पात्र असतात, इंग्रजीसह ४० टक्क्यांवर. शिक्षण संपल्यावर गोवा नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी. बी.फार्म.चा रस्ता वेगळा, तो गोवा सीईटीतून पणजीच्या फार्मसी महाविद्यालयाकडे जातो. नीटच्या नादात सीईटीचा अर्ज राहून गेला असं दरवर्षी कुणाचं तरी होतं.

उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. तिथली नोंदणी निराळी. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता सोडता येते, पण नंतरच्या फेऱ्यांत नियम कडक होत जातात आणि दोन्हीकडे जागा अडवून बसता येत नाही.

परदेशी एमबीबीएसच्या जाहिराती वर्तमानपत्रांत भरपूर. तिथेही नीट उत्तीर्ण असणं सक्तीचंच. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातला हवा, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी, शिवाय परतल्यावर इथे आणखी १२ महिने. मध्ये परदेशी पदवीधरांसाठीची, ३०० पैकी १५० गुण लागणारी परीक्षा आहेच. एजंटानं यातलं काय सांगितलं आणि काय गिळलं, ते पैसे देण्याआधी विचारा.

फीसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्ज योजना आहे. जामीनदार लागतात, तेव्हा काका-मामांशी आधीच बोलून ठेवा.

प्रवेश निश्चित होताना नीटचं प्रवेशपत्र व गुणपत्रक, दहावी-बारावीचे कागद, शाळा सोडल्याचा दाखला आणि वरचे सगळे दाखले मूळ स्वरूपात द्यावे लागतात. केंद्रीय मंडळाच्या मुलांनी मायग्रेशन प्रमाणपत्रही घ्यावं. मूळ कागद एकदा महाविद्यालयात गेले की सहज परत मिळत नाहीत आणि बँक, शिष्यवृत्ती, वसतिगृह सगळे तेच मागतात. म्हणून साक्षांकित प्रतींचे चार-पाच संच काढून मगच बांबोळीला निघा.