लष्करी सुरीचं करडं पातं: फॉस्फेट लेपाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच अमेरिकी लष्करी सुऱ्यांचं पातं काळपट करडं, किंचित खरखरीत आणि उजेडात न चमकणारं दिसतं. तो रंग नव्हे. पोलादाच्या वरच्या थराची फॉस्फरिक आम्लाशी प्रक्रिया होऊन जागच्या जागी वाढलेले ते फॉस्फेटचे स्फटिक आहेत. त्यांचा शोध चमक घालवण्यासाठी लागला नाही, गंज थोपवण्यासाठी लागला.

त्याआधी हत्यारांवर ब्लूइंग करत, म्हणजे पोलादावर काळ्या आयर्न ऑक्साइडचा थर आणत. हा थर जेमतेम एक मायक्रॉनचा असतो आणि म्यानात घासून लवकर उडतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी १९०७ च्या नमुन्याच्या संगिनींची पाती वाळूच्या माऱ्याने मंद केली. चमक गेली, पण उघडं खडबडीत पोलाद ओल धरून गुळगुळीत पोलादापेक्षा लवकर गंजतं.

थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये ब्रिटिश पेटंट घेतलं. लोखंडाचा कीस घातलेल्या सौम्य फॉस्फरिक आम्लात वस्तू उकळायची, दोन-अडीच तास. पुढे रिचर्ड्स यांनी लोखंडाऐवजी मँगनीजचे क्षार वापरले आणि लेप अधिक गडद व टिकाऊ झाला. हे हक्क क्लार्क पार्कर यांच्याकडे गेले. १९१५ मध्ये अमेरिकेत त्यांची कंपनी उभी राहिली आणि पार्करायझिंग हे नाव रूढ झालं. तांब्याचे क्षार अल्प प्रमाणात घातल्यावर तासांचं काम मिनिटांवर आलं, म्हणूनच युद्धकाळात लाखो नगांवर ते परवडलं. मरीन कोअरने १९४२ च्या अखेरीस स्वीकारलेल्या सात इंची पात्याच्या सुरीवर ब्लूइंगच्या जोडीने हा लेप आला. १६ इंची जुन्या संगिनी १० इंचांवर कापून पुन्हा वापरात घेतल्या, त्यांवरही तोच.

आजही कृती फारशी बदललेली नाही. पातं तेलमुक्त करून ८० ते १२० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दाण्याच्या बारकाईचं माप) अॅल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्ट करायचं, म्हणजे त्याच्या दाण्यांचा मारा द्यायचा आणि त्यानंतर उघड्या हाताने धरायचं नाही, कारण बोटाचा ठसा लेपात डाग म्हणून उमटतो. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात मँगनीज फॉस्फेटचं द्रावण ८८ ते ९६ अंश सेल्सिअसवर ठेवायचं. अॅल्युमिनियमचं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं आम्ल खाऊन टाकतं. पातं बुडवताच हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. ते मंदावले की लेप पुरा झाला, साधारण १० ते २० मिनिटांत. मग धुऊन, वाळवून, पातं कोमट असतानाच तेलात. खोली हवेशीर हवी, ज्वाला जवळ नको आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. चामड्याच्या चकत्यांची मूठ असेल तर हे सगळं मूठ बसवण्याआधी.

यात तेलाची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच टाळली जाते. फॉस्फेटचा थर सच्छिद्र असतो. एकटा तो गंज फार काळ अडवत नाही. त्याचं काम तेल धरून ठेवण्याचं. चमक जाते तीही याच स्फटिकांमुळे, उजेड त्यांवर विखुरतो. कोरडं ठेवलेलं करडं पातं कोकणच्या पावसाळ्यात गंजलं तर दोष लेपाचा नाही.

लेप बिघडण्याची कारणंही ठरलेली आहेत. द्रावण थंड असेल तर थर विरळ बसतो, खळखळून उकळलं तर गाळ तयार होऊन पात्यावर बसतो. ब्लास्टिंगऐवजी आम्लाने साफ केलं तर स्फटिक जाड आणि ओबडधोबड येतात. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे प्रक्रिया सुरूच होत नाही. कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर सुमारे ३९ च्या पुढच्या पात्यात हायड्रोजन शिरून ठिसूळपणा येऊ शकतो, म्हणून तेलात बुडवण्याआधी सुमारे १०० अंशांवर आठ तास भाजणं चांगलं. पाणी दिलेल्या पात्याची कडकपणाची पातळी इतक्या उष्णतेने उतरत नाही. धार शेवटी लावायची. तिथलं पोलाद उघडंच राहणार, त्यामुळे तेलाचा हात तिथे आधी फिरवावा. लिंबू-चिंचेचं आम्ल फॉस्फेट विरघळवतं, तेव्हा स्वयंपाकघराच्या सुरीला हा लेप देऊच नये.

फॉस्फेटिंगचा मोठा वापर नंतर वाहन उद्योगात गेला. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ‘सेव्हन टँक’ म्हणतात ती प्रक्रिया रंगाआधीचं जस्त फॉस्फेटिंगच असते. तो थर पातळ आणि बारीक स्फटिकांचा, रंगाला पकड देण्यापुरता. सुरीला उघडं वापरायचं असेल तर मँगनीजचा जाड थरच हवा.

आता बऱ्याच कार्बन स्टीलच्या सुऱ्यांवर पावडर कोटिंग किंवा सेराकोटसारखा सिरॅमिक लेप असतो. सेराकोटचा ओव्हनमध्ये भाजायचा प्रकार १२० अंशांवर दोन तासांत पक्का होतो, त्याने पात्याला धोका नाही. पावडर मात्र १८० ते २०० अंशांवर भाजतात, आणि साध्या कार्बन स्टीलचं टेम्परिंगही (कडक केलेल्या पात्याचा ठिसूळपणा कमी करायला दिलेली उष्णता) बहुधा २०० च्या आसपासच केलेलं असतं. भट्टी थोडी जास्त तापली, की पातं मऊ पडतं.