हॅमिल्टन–जेफरसन आर्थिक वाद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७८९ मध्ये नव्या संविधानानुसार संघशासन स्थापन झाल्यावर सरकारी कर्ज, राष्ट्रीय बँक आणि उद्योगधंद्यांना द्यावयाचे उत्तेजन या प्रश्नांवरून अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन व परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन यांच्यात झालेला वाद. फेडरलिस्ट आणि रिपब्लिकन हे देशातील पहिले दोन पक्ष त्यातूनच आकाराला आले. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी यांतील दुसऱ्याचा संबंध नाही.

वादाचे मूळ स्वातंत्र्ययुद्धातील कर्जात होते. संविधानापूर्वी राज्यांना एकत्र बांधणाऱ्या, १७८१ मध्ये अंमलात आलेल्या करारनाम्याने काँग्रेस या मध्यवर्ती प्रतिनिधिसभेला कर बसविण्याचा अधिकारच दिला नव्हता. तिने राज्यांकडे पैसे मागावेत आणि राज्यांनी जमेल तेवढे द्यावेत, असा कारभार चाले. सैनिकांना वेतनापोटी मिळालेल्या रोख्यांचा भाव इतका घसरला, की अनेकांनी ते सट्टेबाजांना विकून टाकले. जानेवारी १७९० मधील अहवालात हॅमिल्टनने संघाचे सु. ५ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज दर्शनी किमतीने मान्य करावे आणि राज्यांचे सु. २ कोटी ५० लाख डॉलरचे कर्जही संघाने पत्करावे, असे सुचविले. धनकोंचे हित संघाच्या स्थैर्यात गुंतावे, हा त्यामागील हेतू होता, त्यामुळे या योजनेत हिशेबाइतकेच राजकारणही होते. रोख्यांच्या मूळ धारकांनाही वाटा मिळावा, ही व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याची सूचना प्रतिनिधिगृहाने फेटाळली. मात्र राज्यांचे कर्ज पत्करण्याचा प्रस्ताव एप्रिलमध्ये तेथेच पडला. व्हर्जिनियाने आपले बरेचसे कर्ज फेडले होते, तर मॅसॅच्युसेट्स व दक्षिण कॅरोलायना यांच्यावर मोठा बोजा होता, हे त्याचे एक कारण. जूनमध्ये जेफरसनच्या न्यूयॉर्कमधील घरी हॅमिल्टन, मॅडिसन व जेफरसन जेवायला बसले आणि राजधानी व्हर्जिनियाच्या सीमेवरील पोटोमॅक नदीकाठी नेण्याच्या बदल्यात कर्जाचा प्रस्ताव मार्गी लागला. या भेटीची हकीकत मुख्यतः जेफरसननेच सांगितलेली आहे, आणि पुढे या तडजोडीचा त्याला पश्चात्ताप झाला, हे ती वाचताना लक्षात घ्यावे लागते.

१७९१ मध्ये १ कोटी डॉलर भांडवलाच्या, पंचमांश सरकारी भागीदारीच्या बँकेला २० वर्षांची सनद देण्याच्या विधेयकावरून मतभेद थेट संविधानाच्या अर्थापर्यंत गेले. आपले अधिकार अंमलात आणण्यासाठी ‘आवश्यक व उचित’ कायदे करण्याची मुभा संविधान काँग्रेसला देते. त्यातील ‘आवश्यक’ म्हणजे ज्यावाचून चालतच नाही असे, हा जेफरसनचा अर्थ. उद्दिष्टाला उपयुक्त ठरणारे, हा हॅमिल्टनचा. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने हॅमिल्टनचा युक्तिवाद स्वीकारला. कारखाने, आयात जकात आणि पतपुरवठा यांवर हॅमिल्टनची भिस्त होती. स्वतःची जमीन कसणारा, कोणाचा मिंधा नसलेला शेतकरी हाच प्रजासत्ताकाचा आधार, असे जेफरसन मानी. त्याची स्वतःची शेती मात्र गुलामांच्या श्रमावर चाले.

पत्करलेल्या कर्जासाठी बसविलेल्या मद्यकराची झळ पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांना बसली. डोंगरांपलीकडे धान्य वाहून नेण्यापेक्षा त्याची व्हिस्की करून विकणे त्यांना परवडे आणि रोकड दुर्मिळ असल्याने व्यवहारातही तीच चाले. १७९४ मध्ये त्यांचा उठाव मोडण्यास सु. १३,००० सैनिक पाठवावे लागले.

१८०१ मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला व पुढील वर्षी हा कर रद्द झाला. बँक मात्र त्याने मोडली नाही. १८०३ मध्ये लुइझियानाचा प्रदेश दीड कोटी डॉलरला घेताना संविधानात तशी स्पष्ट तरतूद नसल्याची शंकाही त्याने बाजूला ठेवली. बँकेच्या सनदेचे नूतनीकरण १८११ मध्ये सिनेटमध्ये समसमान मते पडल्यावर उपराष्ट्राध्यक्षाच्या निर्णायक मताने नाकारले गेले. त्यानंतर ब्रिटनशी झालेल्या युद्धात पैसा उभारताना सरकारची ओढाताण झाली आणि १८१६ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष या नात्याने मॅडिसननेच सही केली.