आम (आयुर्वेदातील संकल्पना)

आम : पचन अर्धवट राहिल्याने शरीरात साठणाऱ्या अपक्व द्रव्याला आयुर्वेदात ‘आम’ म्हणतात. ‘आम’ या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘कच्चा’. ज्याच्या विरोधात ‘पक्व’ हा शब्द येतो, तो आम. जठराला ‘आमाशय’ म्हणतात तेही याच अर्थाने : अन्न जिथे अजून कच्चे असते ती जागा. त्याच्या खालची, पचन पुढे गेल्यावरची जागा म्हणजे ‘पक्वाशय’. मराठीत शौचातून चिकट बुळबुळीत पदार्थ पडू लागला की ‘आव पडते’ असे म्हणतात. त्या विकाराचे ‘आमांश’ हे नावही याच शब्दावरून आले आहे.

अलीकडे आमाची ओळख ‘शरीरातील विषारी द्रव्ये’ अशी करून दिली जाते. ती सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे. विष बाहेरून येते आणि ते काढून टाकायचे असते. आम आपल्याच आहारातून, आपल्याच पोटात तयार होतो आणि त्यावरचा पहिला उपाय काढून टाकणे हा नसून शिजवणे, म्हणजे ‘पाचन’ हा आहे. हा भेद ध्यानात घेतला नाही, तर या विषयावरचे आयुर्वेदाचे जवळपास सगळेच म्हणणे उलटे समजले जाते.

अग्नी आणि पचन

आम समजण्यासाठी आधी अग्नी समजावा लागतो. चरकसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या ‘चिकित्सास्थान’ या विभागातील पंधराव्या अध्यायात, ग्रहणीच्या विकारांच्या निमित्ताने, पचनाचे सविस्तर वर्णन आले आहे. तिथे दिलेले चित्र चुलीवरच्या भाताचे आहे. भांड्यात तांदूळ आणि पाणी, खाली विस्तव. तसाच आशयातल्या अन्नाला खालचा अग्नी शिजवतो आणि त्यातून सार व मळ वेगळे होतात. भात लावणाऱ्या कोणालाही पुढचे सांगावे लागत नाही. आच कमी पडली, तांदूळ जास्त झाला, पाण्याचा अंदाज चुकला, की वरून शिजलेला दिसणारा दाणा आत कणी धरून राहतो. त्या कणीला शरीरात जे नाव आहे ते आम.

अग्नी एकूण १३ मानले आहेत : एक जठराग्नी, पाच महाभूतांचे पाच आणि सात धातूंचे, म्हणजे शरीर घडवणाऱ्या रस-रक्तादी घटकांचे, सात. जठराग्नी यांत मुख्य, कारण बाकीच्यांचे बळ त्याच्यावर अवलंबून असते. नाभीच्या वर, आमाशय आणि पक्वाशय यांच्या मध्ये असलेली ‘ग्रहणी’ हे त्याचे स्थान. अन्न पचेपर्यंत धरून ठेवते म्हणून ती ग्रहणी. व्यक्तिपरत्वे अग्नी सम, विषम, तीक्ष्ण किंवा मंद असतो. वातामुळे तो कधी चढतो कधी उतरतो, पित्तामुळे तीव्र होतो, कफामुळे मंदावतो. आमाचा संबंध मुख्यतः मंदाग्नीशी आहे. सर्व रोग अग्नी मंद झाल्याने होतात, हे ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथाचा कर्ता वाग्भट याचे वचन वैद्यांच्या तोंडी कायम असते. अष्टांगहृदयात ते उदररोगांच्या निदानाच्या आरंभी आले आहे.

चिकित्सास्थानाच्या त्याच पंधराव्या अध्यायात चरकाने आणखी एक गोष्ट नेमकी सांगितली आहे. अग्नी उपाशी राहण्याने पेटत नाही आणि फार खाण्यानेही पेटत नाही. सरपण नसलेला विस्तव विझतो, तसा थोडा विस्तव फार सरपणाखाली दडपूनही विझतो. आमाच्या नावाखाली दिवसच्या दिवस कडक उपास करणाऱ्यांनी या श्लोकाचा पहिला अर्धा भागही वाचायला हवा.

आम कसा तयार होतो

सर्वांत जास्त उद्धृत होणारी व्याख्या अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तेराव्या अध्यायात आहे. ऊष्म्याचे, म्हणजे अग्नीचे, बळ कमी पडल्याने न पचलेला, दुष्ट झालेला, आमाशयात राहिलेला जो आद्य धातू, म्हणजे रस, त्याला आम म्हणावे. लगेच पुढच्या श्लोकात वाग्भट दुसरे मतही देतो. काही आचार्यांच्या मते अतिशय बिघडलेले दोष एकमेकांत मिसळल्यानेच आम जन्मतो, जसे कोद्र्यापासून विष. कोद्रा (हरीक) हे धान्य एरवी खाण्याचेच. पण बुरशी धरलेला कोद्रा खाल्ल्याने घेरी येते, हे आजही सर्वज्ञात आहे. नेहमीचे अन्न विषासारखे वागू लागते, हे सांगायला याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण. या ग्रंथावरच्या प्रसिद्ध टीकांपैकी ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहिली आहे.

आमाची कारणे शोधताना ग्रंथकार काय खाल्ले याइतकेच कसे खाल्ले हेही पाहतात. हितकर आणि अहितकर अन्न एकत्र खाणे हे ‘समशन’, आधीचे पचले नसताना पुन्हा जेवणे हे ‘अध्यशन’, आणि अवेळी, कधी फार तर कधी अगदी थोडे खाणे हे ‘विषमाशन’. जड, थंड, कोरडे, शिळे, परस्परविरुद्ध अन्न यांचाही उल्लेख आहे. पण आपल्या ग्रंथाच्या ‘विमानस्थान’ या विभागात चरक म्हणतो की योग्य प्रमाणात घेतलेले पथ्यकर अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध, त्रासदायक बिछाना आणि जागरण यांमुळे पचत नाही. ताटात काही दोष नसतानाही आम होऊ शकतो, ही कबुली मला या सगळ्या विवेचनातली सर्वांत मोलाची वाटते.

साम आणि निराम

आम एकटा फारसा राहत नाही. तो वात, पित्त, कफ यांच्यात आणि रस-रक्तादी धातूंमध्ये मिसळतो; असे मिसळलेले दोष आणि त्यांपासून झालेले रोग म्हणजे ‘साम’. आम सुटला की तेच ‘निराम’. रोगाचे नाव एकच असले तरी त्याची साम अवस्था आणि निराम अवस्था यांचे उपचार वेगळे, म्हणून वैद्य आधी हे ठरवतो.

वाग्भटाने दिलेली साम लक्षणे अशी : स्रोतसे (शरीरातील वाहक मार्ग) अडणे, बळ कमी होणे, अंग जड होणे, वायूची गती अडणे, आळस, अपचन, तोंडाला पाणी सुटत राहणे, मळ अडणे, अन्नावरची वासना जाणे आणि काही न करता येणारा थकवा. रोजच्या बोलण्यात हेच ‘अंग आंबलंय’, ‘तोंडाला चव नाही’, ‘पोट जड आहे’ असे येते. वैद्य जीभ बघायला सांगतो तेव्हा तिच्यावर पांढरट, चिकट थर आहे का हे पाहत असतो. रात्रीचे जेवण पचले की नाही याची खूण त्याला सकाळच्या ढेकरेत सापडते. ढेकर शुद्ध, अंग हलके, मलमूत्राचे वेग वेळेवर, भूक आणि तहान लागलेली, मनात उत्साह असेल तर पचन झाले. ढेकरेला कालच्या जेवणाचा वास असेल तर नाही.

मळाची जलपरीक्षाही ग्रंथात आहे : साम मळ जड असल्याने पाण्यात बुडतो, पक्व मळ तरंगतो. अति पातळ, अति घट्ट, थंड किंवा कफाने दूषित मळाला हा नियम लागू नाही, असा अपवादही तिथेच नोंदवला आहे. आधुनिक वैद्यकानुसार मळ तरंगणे मुख्यतः त्यात अडकलेल्या वायूवर अवलंबून असते आणि निरोगी माणसाचा मळ बुडणे हे अगदी सामान्य आहे. त्यामुळे या परीक्षेवरून घरी रोगनिदान करू नये.

अजीर्ण, आमविष आणि आमवात

सुश्रुताने अजीर्णाचे आम, विदग्ध आणि विष्टब्ध असे तीन प्रकार कफ, पित्त व वात यांना जोडून सांगितले आणि चौथा रसशेष. आमाजीर्णात लंघन (उपास वगैरे), विदग्धात वमन (उलटी करवणे), विष्टब्धात शेक आणि रसशेषात फक्त झोप. औषधाचे नावही न घेता ‘झोपावे’ एवढेच सांगणारा हा चौथा उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तीव्र स्वरूपात आमाचे विकार होतात ते विसूचिका आणि अलसक. विसूचिकेत उलटी आणि जुलाब होतात, सुया टोचल्यासारख्या वेदना होतात. अलसकात अन्न वरही जात नाही, खालीही जात नाही आणि पचतही नाही. आमाशयात आळशासारखे पडून राहते, म्हणून हे नाव. विरुद्ध अन्न, अध्यशन आणि अजीर्णावर जेवण ज्यांच्या अंगवळणी पडले आहे त्यांच्यातील आमदोषाला मात्र चरक ‘आमविष’ म्हणतो. ‘विष’ हा शब्द इथे येतो तो विषासारखी लक्षणे दिसतात म्हणून. ही अवस्था असाध्य मानली आहे. ती झपाट्याने मारते हे एक कारण. दुसरे असे की आमाला उष्ण उपचार हवेत आणि विषाला शीत. एकाला मानवणारे दुसऱ्याला वाढवते.

आमवात हा स्वतंत्र रोग म्हणून मांडण्याचे श्रेय ‘माधवनिदान’ या रोगनिदानावरच्या ग्रंथाला जाते. सांधे सुजतात, विंचवाने डंख मारल्यासारखे ठणकतात, सोबत अग्निमांद्य, अरुची आणि ज्वर असतो. त्याची तुलना आज संधिवाताभ संधिशोथाशी (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) केली जाते. ती लक्षणांपुरतीच घ्यावी. गंमत अशी नव्हे तर शिकण्यासारखी गोष्ट अशी की सांधे दुखले की तेल चोळावे हा सर्वसाधारण समज इथे चालत नाही. साम अवस्थेत तेलाने मालीश केल्यास ठणका वाढतो, असे वैद्य मानतात. म्हणून वाळू तव्यावर कोरडी तापवून, फडक्यात तिची पुरचुंडी बांधून सांधा शेकतात. पोटात घेण्याच्या स्नेहांत मात्र एरंडेलाला मान आहे. शरीररूपी वनात हिंडणाऱ्या आमवातरूपी हत्तीला एरंडेल हा एकटाच सिंह मारतो, असे ‘भावप्रकाश’ या ग्रंथात म्हटले आहे.

आधुनिक विज्ञानाच्या दृष्टीने

रक्तात किंवा मळात मोजता येईल असे, आमाशी तंतोतंत जुळणारे एकच द्रव्य सापडलेले नाही. आतड्यांतील जिवाणू, आतड्यांच्या अस्तराची पारगम्यता, दीर्घकालीन दाह यांच्याशी आम जोडून पाहण्याचे प्रयत्न होतात. ते तुलनेच्या पातळीवर आहेत. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अखंड करतात, त्यासाठी ‘डिटॉक्स’ चूर्ण किंवा रस लागत नाही. विकाऊ डिटॉक्सची जाहिरात आमाचे नाव घेते, तेव्हा ती आधुनिक वैद्यकाशी जुळत नाहीच, आयुर्वेदाशीही जुळत नाही. पुढील भागातून हे दिसेल.

उपचाराचा क्रम

सर्व शरीरात पसरलेले, धातूंत लपलेले साम दोष ओढून काढू नयेत, असे वाग्भट स्पष्ट बजावतो. कच्च्या फळातून रस काढायला गेले तर रस मिळत नाही आणि फळाचा मात्र चोथा होतो. हिरवी कैरी पिळून पाहणाऱ्याला हे पटेल. तेच फळ पिकले की हलक्या दाबाने रस सुटतो. म्हणून आधी पाचन व दीपन (अग्नी वाढवणे), मग स्नेहन (तेल-तूप देणे) व स्वेदन (घाम आणणे), आणि दोष सुटे झाल्यावर योग्य वेळी, रोग्याचे बळ पाहून शोधन, म्हणजे वमन, विरेचन (जुलाब देणे), बस्ती (एनिमा) इत्यादी. थेट जुलाबाचे औषध घेऊन ‘आम काढणे’ हा या क्रमाचा भंग आहे.

पाचनाची सुरुवात लंघनाने होते. नव्या ज्वरात तर पहिला उपचारच लंघन. लंघन म्हणजे केवळ उपास नव्हे. चरकाने त्याचे दहा प्रकार सांगितले असून तहान सोसणे, वारा, ऊन आणि व्यायामही त्यात येतात. मधुमेहाची औषधे घेणारे, गर्भवती, लहान मुले आणि अशक्त वृद्ध यांनी ते स्वतःच्या मनाने करू नये. जुलाब-उलट्या चालू असताना पाणी तोडणे तर जिवावर बेतू शकते. तिथे आधी क्षारसंजीवनी आणि डॉक्टर.

शार्ङ्गधर या ग्रंथकाराने दीपन आणि पाचन यांत बारीक भेद केला आहे. आम न पचवता अग्नी वाढवणारी बडीशेप दीपन, अग्नी न वाढवता आम पचवणारा नागकेशर पाचन, आणि चित्रक दोन्ही करतो. व्यवहारात सुंठीचा काढा, कोमट पाणी, नागरमोथा आणि हिंग्वाष्टक चूर्ण यांचा वापर जास्त. हिंग्वाष्टकात त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग अशी आठ द्रव्ये असून ते तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेण्यास सांगितले आहे. मात्र पोटात तीव्र वेदना असतानाही अजीर्ण झालेल्याने शूलनाशक औषध घेऊ नये, कारण आमाने दडपलेला अग्नी दोष, औषध आणि अन्न या तिघांनाही पचवू शकत नाही, असा वाग्भटाचा इशारा आहे. आज अशा वेदनेत आंत्रपुच्छशोथासारखी (अपेंडिसायटिस) कारणे आधी तपासून घेतली पाहिजेत.

शोधनानंतर रोग्याला एकदम पोटभर जेवण देत नाहीत. आधी पातळ पेया, मग घट्ट विलेपी, मग कडधान्याचे सार, आधी फोडणीशिवाय आणि नंतर तूप-मसाल्यासह, आणि शेवटी मांसरस. शोधन किती झाले त्यानुसार प्रत्येक पायरी तीन, दोन किंवा एका जेवणाची. चरकाने यासाठी पुन्हा विस्तवाचेच उदाहरण दिले आहे : इवलीशी ठिणगी आधी गवताच्या काडीवर, मग गोवरीवर जपत फुलवली की हळूहळू मोठी, स्थिर आणि काहीही शिजवू शकणारी होते.