थंडीला न घाबरणारी घटपर्णी : रोप नेण्याआधी एवढं वाचा

हे जांभळ्या घटपर्णीचं, म्हणजे किडे पकडून खाणाऱ्या झाडाचं रोप, सॅरासेनिया पर्प्युरिया. मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दलदलींतलं, पार कॅनडापर्यंतचं. तिथे ते हिवाळा बर्फाखाली काढतं. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या थंडीत कुंडी घरात घेऊ नका, रात्री उघड्यावरच राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबते, काही पानं वाळतात. रोप मेलं म्हणून उपटू नका. ही विश्रांती मिळाली नाही, तर पुढे ते खंगत जातं.

जपायचं ते उन्हाळ्यात. भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा काळ्या कुंडीत मुळं शिजतात. पांढरी प्लास्टिकची कुंडी घ्या. मार्चपासून सकाळचं ऊन आणि दुपारी ५० टक्क्यांची ग्रीन नेट, पश्चिमेची भिंत टाळायची. बाकी वर्षभर मात्र भरपूर ऊन हवं. सावलीत पानं हिरवीच राहतात, लाल शिरा उमटत नाहीत.

सर्वांत जास्त रोपं पाण्यामुळे जातात. बोअरचं पाणी नको, नळाचंही नको. कूलरच्या टाकीतलं तर मुळीच नको, त्यात क्षार आणखी साठलेले असतात. पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी द्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ५०च्या आत. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी चालत नाही. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी ड्रममध्ये भरून झाकून ठेवलं, तर बरेच महिने पुरतं. कुंडी ताटलीत ठेवा आणि ताटलीत बोटभर पाणी कायम असू द्या.

माती म्हणजे निम्मं पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ), निम्मं परलाइट (पांढरे हलके खडे). काळी माती, शेणखत, १९:१९:१९चं रासायनिक खत यांतलं काहीही नाही. केळीला मानवतं ते इथे विष ठरतं. कोकोपीटही टाळा, त्यात बहुधा मीठ असतं.

मग हे जगतं कशावर? पानांच्या सुरया होतात, त्यांत पावसाचं पाणी साठतं. काठावरच्या मधाला भुलून मुंगी-माशी येते, खाली वळलेल्या केसांवरून घसरते आणि बुडते. कुजलेल्या किड्यातून झाडाला नत्र मिळतं. तुम्ही अंडं, मटण काही घालू नका, सुरई सडते. घरातले डास संपतील म्हणून नेत असाल, तर नेऊ नका. त्याच्या मूळ प्रदेशात एका जातीच्या डासाच्या अळ्या याच पाण्यात वाढतात!

एप्रिल-मेमध्ये आम्ही हे रोप विकत नाही, आग्रह करू नये. नोव्हेंबर ते जानेवारीत या. येताना घरच्या पाण्याची बाटली आणा, टीडीएस इथेच मोजून देऊ.