यू ६७ की यू ८७: एका साच्यातले दोन माईक

नॉयमन या जर्मन कंपनीचे यू ६७ आणि यू ८७ हे दोन माईक शेजारी ठेवले तर लांबून कुठला कुठला ते कळत नाही. खाली निमुळती होत गेलेली बॉडी तीच, वरची जाळीही तीच. आतली कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग, तर एकाच घराण्यातली. फरक कळतो तो मागची केबल हातात घेतल्यावर. ८७ला साधी तीन पिनांची एक्सएलआर, म्हणजे माईकची नेहमीची केबल. ६७ची केबल जाडजूड, जास्त पिनांची, आणि ती जाते जमिनीवर ठेवलेल्या एका जड डब्यात. तो डबा म्हणजे माईकचा स्वतःचा पॉवर सप्लाय. ६७मध्ये व्हॉल्व्ह आहे, म्हणजे काचेची निर्वात नळी, जिला ट्यूबही म्हणतात; ८७मध्ये नाही.

‘ट्यूब घेऊ की कंडेन्सर?’ असं सर्रास विचारलं जातं. प्रश्नच थोडा चुकलाय, कारण स्टुडिओतला गाण्याचा ट्यूब माईकही कंडेन्सरच असतो. त्याच्या कॅप्सूलमध्ये सोन्याचा मुलामा दिलेला, केसाहून कितीतरी पातळ पडदा असतो. गाणाऱ्याच्या आवाजाने तो हलतो आणि त्यातून जो सिग्नल निघतो, तो इतका नाजूक की दोन-चार हात केबलमध्येच जिरून जाईल. म्हणून कॅप्सूलच्या लगेच खाली त्याला पुढे रेटणारं काहीतरी लागतं. हे काम पूर्वी व्हॉल्व्ह करायचा, नंतर एफईटी नावाचा ट्रान्झिस्टर करू लागला. दोघांतला मूळ फरक एवढाच.

नॉयमनचा आधीचा ट्यूब माईक, यू ४७, आला १९४९ साली. त्यातला व्हीएफ १४ हा व्हॉल्व्ह पुढे बनायचाच बंद झाला. १९६०च्या यू ६७मध्ये म्हणून ईएफ ८६ बसवला, जो तेव्हाच्या टेप रेकॉर्डरांमध्येही असायचा. १९६७ला एफईटीवाला यू ८७ आला आणि डबा गेला. आज माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या बहुतेक इंटरफेसवर केबलमधूनच माईकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण असतं, त्याचा किस्सा १९६६चा. नॉर्वेच्या रेडिओला मिक्सरकडूनच वीज घेणारे माईक हवे होते, आणि त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाईन आधीच होती. तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला.

आता ‘वॉर्म’. हा शब्द दुकानात शिरल्याबरोबर ऐकू येतो, आणि माझं त्याच्याशी भांडण आहे. व्हॉल्व्हवर ताण आला की तो सिग्नलमध्ये वरच्या सप्तकातल्या जोडस्वरांची भर घालतो, आवाज भरीव वाटतो, हे खरं. पण ताण यायला हवा ना! हळुवार भावगीत गाणारा गळा वीतभर अंतरावर असेल तर व्हॉल्व्ह निवांत असतो, आपलं काही मिसळत नाही. नाट्यपदाची तान किंवा पोवाड्याची ललकारी अगदी जवळून आली, तर मात्र फरक कानाला लागेल. एरवी ज्याला आपण वॉर्म म्हणतो ते बरंचसं कॅप्सूल, ट्रान्सफॉर्मर आणि तोंड-माईकमधलं अंतर यांचं देणं असतं. ट्रान्सफॉर्मर तर ६७ आणि ८७ दोन्हींत आहे.

अंतराचं घरी करून बघा. तीच ओळ आधी माईकपासून एक वीत लांबून गा, मग चार बोटांवर येऊन गा. जवळ आल्यावर खर्ज एकदम फुगतो. एकाच दिशेने ऐकणाऱ्या बहुतेक सगळ्या माईकांचा हा स्वभाव आहे, त्यात व्हॉल्व्हचा काही संबंध नाही. मला विचाराल तर या वीत आणि चार बोटांत जेवढा फरक पडतो, तेवढा व्हॉल्व्ह आणि एफईटीत पडत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. पहिला ट्यूब माईक घेतला तो स्वस्तातला. जाळीतून आतला नारिंगी उजेड दिसायचा आणि तेवढ्यानेच मी खूश होतो. टेक ऐकला तर ‘स’ आणि ‘श’च्या शिट्ट्या, ‘चांदणं’मधला ‘च’ कानात टोचणारा. कारण नंतर कळलं. ६७च्या कॅप्सूलमध्ये वरचा, दहा हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग मुळातच उचललेला असतो. नॉयमनचं सर्किट तो मुद्दाम दाबून सपाट करतं, आणि त्याबरोबर खरखरही दबते. स्वस्तातले बरेच माईक कॅप्सूलची नक्कल करतात, दाबणारं सर्किट मात्र गाळतात. मग आत व्हॉल्व्ह असो की नसो, आवाज टोचणारच. तेव्हा कमी पैशांत ट्यूबच्या मागे लागू नका. तेवढ्याच पैशांत चांगला एफईटी माईक येतो, आणि तो शांतही असतो: नॉयमनच्याच टीएलएम १०३ या एफईटी माईकची स्वतःची खरखर फक्त ७ डेसिबल आहे.

ट्यूब माईक सांभाळायचा म्हणजे संसारच. चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यायचा, कारण गायिका आल्यावर बटण दाबलं तर पहिले टेक आणि शेवटचे टेक जुळत नाहीत. केबल काढायची ती पॉवर सप्लाय बंद करून. व्हॉल्व्ह म्हातारा झाला की मधूनच तडतडतो, मग बदलायचा. मुंबईच्या, कोकणाच्या पावसाळ्यात दमट हवा कॅप्सूलवर बसते आणि माईक फुटाणे फोडू लागतो. हा त्रास मात्र ८७लाही चुकत नाही. दोघांनाही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकूनच ठेवायचं.

मग ६७ कोणी घ्यावा? यू ६७ पुन्हा बनू लागला २०१८ला, आणि त्याची किंमत ८७च्या दुपटीच्या घरात आहे. खोली नीट बांधलेली असेल, माईकचा सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प चांगला असेल आणि दिवसभर गळेच रेकॉर्ड करायचे असतील, तर घ्या. व्यंजनांच्या कडा तो मऊ करतो, आणि कोरसचे दहा ट्रॅक एकावर एक चढवले की ते जाणवतं. बेडरूममध्ये रजई टांगून गाणाऱ्याने मात्र तोच पैसा आधी भिंतींवर घालावा.

दोन्ही ऐकायला मिळाले तर स्वतःच्याच गळ्यावर ऐका. अंतर फूटपट्टीने मोजा, आणि दोन्ही टेकची पातळी सारखी करून घ्या, कारण जो जरासा मोठा वाजतो तोच कानाला गोड लागतो. ओळ अशी निवडा जिच्यात च, ज, स भरपूर आहेत. फायलींना ‘क’ आणि ‘ख’ अशी नावं दुसऱ्याकडून द्यायला लावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना उघडा.