गिटारच्या पोटातली ॲल्युमिनियमची वाटी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात गोंधळ असला की माझे कान संबळापेक्षा तुणतुण्याकडे असतात. लाकडी नळकांडं, तळाला ताणलेलं कातडं आणि कातड्याच्या मधोमध निघून खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. तार इतकी बारीक की ती एकटी कितीही थरथरली तरी हवा फारशी हलत नाही. पण तिची थरथर कातड्यात उतरली की वीतभर पृष्ठभाग हलायला लागतो आणि आवाज अंगणाबाहेर जातो.

रेझोनेटर गिटार याच वाटेने बोलते. फक्त कातड्याच्या जागी तिच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा, साधारण 24 सेंटिमीटर व्यासाचा शंकू असतो. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकू येत नव्हती आणि विजेवरची गिटार अजून यायची होती. लॉस एंजेलिसमधल्या जॉन डोपिएरा या स्लोव्हाक कारागिराने गिटारच्या पोटात असे, पण लहान, तीन शंकू बसवले. 1927 मध्ये नॅशनल कंपनीमार्फत ही गिटार बाजारात आली. पुढे भावांना घेऊन त्याने ‘डोब्रो’ कंपनी काढली. डोपिएरा ब्रदर्सचं हे लघुरूप, आणि स्लोव्हाक भाषेत ‘डोब्रो’ म्हणजे चांगलं.

माझी गिटार स्वस्तातली, एका शंकूची. आली तेव्हा तिसरी तार छेडली की पोटात खरखर व्हायची. अशा वेळी लोक आधी तारा बदलतात, नाही तर खुंट्या. माझं ठाम मत आहे की आधी जाळीचं झाकण उघडावं. तारा सैल करून काढल्या, झाकणाचे स्क्रू काढले आणि शंकू अलगद उचलला. तो चिकटवलेला नसतो. लाकडात कोरलेल्या गोल कडेवर नुसता टेकलेला असतो. माझ्या गिटारच्या त्या कडेवर लाकडाचा भुसा होता आणि एका जागी वाळलेल्या गोंदाची गाठ.

आमच्या गावच्या सुताराने कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “सर, कड तं समान नाही ना जी.”

मग आम्ही शंकूच्या काठाला खडू लावला, तो कडेवर ठेवून हलकेच फिरवला आणि उचलला. कडेवर खडू तीनच ठिकाणी उमटला होता. म्हणजे बाकीचा काठ अधांतरी, आणि तार वाजली की तोच पत्रा लाकडावर टकटकत होता. गोंद खरवडला, सपाट लाकडी चकतीला काचपेपर चिकटवला आणि ती कडेवर गोल गोल फिरवत राहिलो. खडूची रेघ पूर्ण वर्तुळभर उमटायला दुपार गेली. खरखर तिथेच संपली, एक रुपयाही खर्च न होता.

शंकू सैल ठेवायचा तर तो जागेवर राहतो कसा? तारांच्या दाबाने. सहा तारांचा एकत्र ताण 70 किलोच्या आसपास धरला आणि घोडीवरून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवरून, जाताना त्या 10 अंशांनी वाकत असतील, तर खाली सुमारे 12 किलोचा दाब पडतो. अर्धा मिलिमीटरसुद्धा जाडी नसलेला पत्रा तो पेलतो, कारण शंकूचा आकारच ताठ असतो. हलका आणि ताठ, दोन्ही एकाच वेळी: लाउडस्पीकरच्या कागदी शंकूलाही हेच लागतं. तारा बदलताना म्हणूनच एकेक करून बदलाव्यात. सगळ्या एकदम काढल्या तर दाब जातो आणि शंकू जागा सोडतो.

खर्च करायचाच तर तो शंकूवर करावा. स्वस्त गिटारमध्ये बहुधा साच्यात दाबलेला जाड शंकू असतो. लेथवर फिरवत हाताने ओढलेला पातळ शंकू घातला, तर तीच तार लगेच आणि मोठ्याने बोलते. त्याची किंमत मोजावी लागते ती लांबणीत. तारेतली ऊर्जा हवेत लवकर गेली की सूर लवकर विझतो.

शंकूच्या टोकावर लाकडी चकती असते, तिला बिस्किट म्हणतात. घोडी तिच्यातच बसते. सुताराने सागाची करून देऊ म्हटलं. साग आपल्याकडचा, मलाही प्यारा, पण मेपलच्या लाकडापेक्षा मऊ आणि तेलकट. तार घोडीत रुतते. आम्ही मेपल घेतलं. घोडी 1 मिलिमीटर उंचावली की बाराव्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, तार अर्धा मिलिमीटर वर येते, कारण तो पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवणाऱ्याने तार थोडी उंचच ठेवावी, म्हणजे नळी पडद्यांवर आपटत नाही. तारा मी जाडीकडून प सा प सा ग प अशा लावतो.

आमच्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. तापमान 20 अंशांवरून उन्हाळी दुपारच्या 45 अंशांवर गेलं की 24 सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा शंकू जवळजवळ 0.14 मिलिमीटर रुंदावतो. काठ मोकळा असल्याने तो सहज पसरतो. गोंदाने धरला असता तर त्याला फुगून वाकावं लागलं असतं. लाकडाला मात्र उन्हापेक्षा ओल जास्त जाणवते. मृग बरसला की दांडी ओल पिते आणि तारांची उंची बदलते. मी तेव्हा दांडीचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या लोखंडी सळईचा नट पाव फेरा फिरवतो, एक दिवस थांबतो, आणि मगच पुन्हा हात लावतो.