बाटलीतली टक्केवारी आणि मनगटावरचा वास

भाच्याचा पहिला पगार झाला आणि त्याला चांगला परफ्यूम घ्यायचा होता, म्हणून आम्ही दोघं लोअर परळच्या एका मॉलमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने एकाच नावाच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एक ओ द त्वालेत म्हणजे ईडीटी, दुसरी ओ द पार्फम म्हणजे ईडीपी. दुसरी बरीच महाग. “ईडीपी घ्या सर, स्ट्राँग आहे, दिवसभर टिकतो,” ती म्हणाली. भाचा माझ्याकडे वळला. “मामा, वास तर तोच ना? मग स्वस्तातल्या बाटलीत काय, दुधात पाणी घालतात तसं घातलंय का?”

थोडंफार तसंच, पण पुरतं तसं नाही. परफ्यूम म्हणजे सुगंधी द्रव्यांचं मिश्रण, आपण सोयीसाठी त्याला तेल म्हणू. हे तेल अल्कोहोलमध्ये विरघळवतात, सोबत थोडं पाणी असतं. ढोबळ हिशेब असा: कोलनमध्ये २ ते ५ टक्के तेल, ईडीटीत ५ ते १५, ईडीपीत १५ ते २० आणि नुसतं ‘पार्फम’ लिहिलं असेल तर २० ते ३० किंवा त्याहून जास्त. हे आकडे रूढीने चालत आलेत, कायद्याने ठरवलेले नाहीत. एका कंपनीची ईडीटी दुसरीच्या ईडीपीइतकी दाट असू शकते. शिवाय अमेरिकेत पुरुषांच्या कुठल्याही सेंटला सरसकट ‘कोलन’ म्हणतात, त्यामुळे त्या शब्दावरून टक्केवारी कळत नाही.

खरं कोलन आपल्या घरांना चांगलं माहीत होतं. ताप चढला की आजी कपाळावर यूडीकोलनच्या पट्ट्या ठेवायची, तेच हे. जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना या मूळच्या इटालियन माणसाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते प्रसिद्धीला आणलं. १७०९ साली सुरू झालेली फारिनांची पेढी आजही तिथे आहे. कपाळ गार व्हायचं ते अल्कोहोल भराभर उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं म्हणून. आपल्या प्रश्नाची किल्ली त्या पट्टीतच आहे.

घरी आल्यावर भाच्याला एक साधा प्रयोग करून दाखवला. काचेच्या दोन बश्या घेतल्या. एकीत ईडीटीच्या सॅम्पलचे पाच फवारे मारले, दुसरीत ईडीपीचे पाच. सुरुवातीला दोन्हींत सारखंच पातळ, चटकन ओघळणारं पाणी दिसत होतं आणि नाक जवळ नेलं की अल्कोहोलचा झणका यायचा. पंख्याखाली काही मिनिटांत ते पाणी आकसत गेलं. अर्ध्या तासाने दोन्ही बश्यांत फक्त तेलकट थर उरला होता. बोट फिरवलं की काचेवर रेघ उमटत होती. ईडीपीचा थर जाड होता, एवढाच डोळ्यांना दिसणारा फरक.

अंगावरही हेच होतं, आणि तिथे तर ऊब असल्याने आणखी लवकर. टक्केवारी असते ती बाटलीत. अल्कोहोल उडून गेलं की ईडीटी असो वा ईडीपी, मनगटावर उरतं ते जवळजवळ निव्वळ तेल. मग प्रश्न फक्त दोनच: किती तेल उरलं आणि कुठलं तेल उरलं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. १० टक्क्यांच्या बाटलीचे दोन फवारे एकाच जागी मारले तर २० टक्क्यांच्या बाटलीच्या एका फवाऱ्याइतकं तेल उरतं. ‘एकाच जागी’ हे महत्त्वाचं. वास उडतो तो थराच्या पृष्ठभागावरून, त्यामुळे तेच तेल छातीभर पसरलं तर दरवळ मोठा येईल, पण लवकर संपेल.

दुसरं उत्तर मला जास्त रंजक वाटतं. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हलकं असतं, रेणूभार, म्हणजे एका रेणूचं तुलनात्मक वजन, १३६. ते मिनिटांत उडू लागतं. पुरुषांच्या आजच्या सेंटांत भरपूर वापरलं जाणारं अँब्रॉक्सन २३६ चं, गॅलॅक्सोलाइड हे कृत्रिम कस्तुरीद्रव्य २५८ चं. ही जड मंडळी तासन्‌तास बसून राहतात. पण नुसत्या वजनावर जाऊ नये. लव्हेंडरमधल्या लिनालूलचा रेणूभार १५४ आणि व्हॅनिलातल्या व्हॅनिलिनचा १५२, म्हणजे व्हॅनिलिन कणभर हलकंच. तरी कागदाच्या पट्टीवर लिनालूल काही तासांत दिसेनासं होतं आणि व्हॅनिलिन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही रेंगाळतं. व्हॅनिलिनचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की नेहमीच्या तापमानाला ते घनरूप असतं, वितळायला ८० अंशांच्या वर जावं लागतं.

म्हणून सुगंधकार ईडीपी बनवताना सहसा नुसतं तेल वाढवत नाही, पाककृतीच बदलतो. डिओर कंपनीच्या सोवाज या सेंटचं पाहा. ईडीटी आली २०१५ मध्ये, ईडीपी २०१८ मध्ये, पार्फम २०१९ मध्ये. तिन्ही फ्रांस्वा देमाशी या सुगंधकाराची. ईडीटी मिरी आणि बर्गमोट या लिंबासारख्या फळाची, तरतरीत. ईडीपीत व्हॅनिलाचा गोडवा येतो. भाच्याचं ‘वास तोच ना’ इथे चुकतं. ही एकाच घरातली भावंडं आहेत, पण चेहरे वेगळे.

आता मुंबई. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा द्रव्यांचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, साधारण दुप्पट होतो. मे महिन्यातल्या घामट दुपारी हलकी द्रव्यं झपाट्याने उडतात, घाम तेलाचा थर पुसून नेतो आणि जड, गोड भाग तेवढा अंगावर साचतो. एसी ऑफिसात हाच सेंट शहाण्यासारखा वागतो. डोंबिवलीहून दादरला फास्ट लोकलने उभ्याने येणाऱ्या माणसाने सकाळी ईडीपीचे सहा फवारे मारू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गर्दीच्या डब्यात शेजाऱ्याला नाक दुसरीकडे नेता येत नाही.

आणि आपलं नाक आपल्याला फसवतं. एकच वास सतत येत राहिला की थोड्याच वेळात मेंदू त्याची दखल घेणं थांबवतो. ‘उडून गेला’ म्हणून आपण पुन्हा फवारतो, समोरच्याला मात्र तो येतच असतो. काहींना गॅलॅक्सोलाइडसारखी कस्तुरीद्रव्यं जन्मतःच नीट जाणवत नाहीत; त्यांना न टिकणारा वाटलेला सेंट बायकोला रात्रीपर्यंत येतो. शिवाय नाकापर्यंत दुप्पट रेणू पोचले म्हणून वास दुप्पट वाटत नाही, फार तर दीडपट वाटतो. दुप्पट तेलाचे दुप्पट पैसे मोजण्यापूर्वी हे ध्यानात असावं.

अल्कोहोल नकोच असेल तर अत्तर आहेच. कनौजची पारंपरिक पद्धत म्हणजे फुलांची वाफ थेट चंदनाच्या तेलात उतरवायची. मोहम्मद अली रोडवरचा अत्तरवाला काचेच्या काडीने थेंब मनगटावर टेकवतो तेव्हा भपकारा येत नाही, कारण वासाला उचलून हवेत फेकणारं अल्कोहोलच नसतं. लग्नात हाताच्या पाठीवर लावलेलं अत्तर म्हणूनच जवळच्यालाच येतं, आणि घरी पोचेपर्यंत येतं.

दुकानात मी भाच्याला वास पाहायच्या दोन कागदी पट्ट्या घ्यायला लावल्या होत्या, वर पेनाने नाव आणि वेळ लिहून. दोन्ही मनगटांवर एकेक फवारा घेऊन आम्ही काही विकत न घेताच निघालो. परतीच्या गाडीत ईडीटी त्याला आवडली, रात्री जेवताना ईडीपी. सकाळी ईडीपीच्या पट्टीला गोडसर वास होता, ईडीटीच्या पट्टीला सुकलेल्या लाकडाचा. त्याने लाकूड निवडलं. पुढच्या रविवारी ईडीटीची बाटली आणली आणि सोबत १० मिलीची रिकामी स्प्रे बाटली, दुपारी ऑफिसात एक फवारा घ्यायला. मोठी बाटली बाथरूमच्या फळीवर ठेवायला निघाला होता, ती मी खोक्यासकट कपाटात ठेवायला सांगितली. हवा, ऊन आणि उष्णतेने लिमोनिनचं ऑक्सिडीकरण होतं, आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं काहींच्या त्वचेला खाज आणतात.